अटॅकच्या वेळी औषध कुठल्या वाटेनं द्यायचं: तोंडातून, शिरेतून की थेट हृदयाच्या धमनीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई घणसोलीच्या. वडील ५८ वर्षांचे, तुर्भ्याच्या एपीएमसी मार्केटमध्ये कामाला. पहाटे छातीत कळ आली, घाम फुटला. जवळच्या नर्सिंग होममध्ये ईसीजी काढला, ॲस्पिरिन आणि टिकाग्रेलॉरच्या गोळ्या दिल्या, दुखणं थांबेना म्हणून मॉर्फिन दिलं आणि वाशीच्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं. वाटेत ॲम्ब्युलन्समध्ये उलटी झाली. अँजिओप्लास्टी करताना डॉक्टरांनी टिरोफिबान हे औषध थेट हृदयाच्या रक्तवाहिनीत सोडलं आणि पुढे काही तास हाताच्या शिरेतून चालू ठेवलं. ठाण्याच्या काकांना दोन वर्षांपूर्वी अटॅक आला तेव्हा हेच औषध फक्त शिरेतून दिलं होतं. आता घरात दोन तट पडले आहेत. एकाचं म्हणणं, थेट हृदयात दिलेलं जास्त गुणकारी. दुसऱ्याचं म्हणणं, वडिलांवर उगाच प्रयोग केला. खरं काय? आणि गोळ्या दिल्या होत्या तर इंजेक्शन कशाला?

ताई, तुम्ही लिहिलंय त्यावरून तरी वडिलांच्या बाबतीत काही वावगं झालेलं दिसत नाही, आणि काकांच्या बाबतीतही नाही. ठाणे आणि नवी मुंबईच्या कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टी होते त्या खोलीत, मी बरीच वर्षं हेच काम करतो आहे, त्यामुळे माझं मत आधीच सांगून टाकतो. अटॅकच्या पहिल्या दोन तासांत सगळ्यात बेभरवशाची वाट पोटाची असते. शीर आणि हृदयाची धमनी या दोन वाटांमधला फरक लोकांना वाटतो त्यापेक्षा फार कमी आहे. आणि धमनीतून द्यायचंच ठरवलं, तर ते कुठल्या क्षणी आणि नळीच्या कुठल्या टोकाशी सोडलं यावर सगळं अवलंबून असतं.

मोठा अटॅक येतो तेव्हा धमनीच्या आतल्या चरबीच्या थराला चीर पडते आणि तिथे रक्तातल्या प्लेटलेट्स धावून येतात. त्या एकमेकींना चिकटतात आणि बघता बघता धमनी बंद होते. ॲस्पिरिन प्लेटलेट्सना जागं करणारा एक निरोप अडवते. क्लोपिडोग्रेल, प्रासुग्रेल, टिकाग्रेलॉर ही औषधं दुसरा निरोप अडवतात. पण निरोप कुठलाही असो, शेवटी प्लेटलेट्स एकमेकींचा हात धरतात तो एकाच जागी, आणि मधला दुवा असतो फायब्रिनोजेन हे रक्तातलं प्रथिन. ती शेवटची जागा अडवणारी औषधं तीन: ॲब्सिक्सिमॅब, एप्टिफिबाटाइड आणि तुमच्या वडिलांना दिलेलं टिरोफिबान. ही तिन्ही इंजेक्शनच आहेत, त्यांच्या गोळ्या वापरात नाहीत. टिरोफिबानचं मूळ आपल्या मातीतल्या एका सापाकडे जातं. फुरशाच्या विषात एक प्रथिन असतं, ते प्लेटलेटच्या नेमक्या याच जागेला बसतं. त्याचा नमुना समोर ठेवून हा रेणू प्रयोगशाळेत घडवला गेला.

आता गोळ्यांचं. गोळी दिली म्हणजे औषध दिलं असं आपण धरून चालतो. तब्येत ठणठणीत असलेल्या माणसात ते खरंही आहे; टिकाग्रेलॉर तास-दोन तासांत चांगलं काम करू लागतं. पण अटॅकमध्ये पोट बंद पडल्यासारखं होतं. रक्तदाब घसरलेला, आतड्यांकडे जाणारं रक्त कमी, मळमळ, उलटी. २०१३ साली इटलीतल्या डॉक्टरांनी 'रॅपिड' नावाच्या अभ्यासात अशाच ५० रुग्णांच्या प्लेटलेट्स तपासल्या. प्रासुग्रेल किंवा टिकाग्रेलॉरचा पूर्ण डोस देऊन दोन तास झाले, तरी जवळपास निम्म्या रुग्णांत प्लेटलेट्स पुरेशा दबल्या नव्हत्या. रुग्णालयाच्या दारातून आत आल्यापासून अँजिओप्लास्टीचा बलून फुगवून धमनी उघडेपर्यंत ६० ते ९० मिनिटांचा वेळ लागावा अशी आमची धडपड असते. म्हणजे स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळी) बसतो तेव्हा गोळी बऱ्याचदा अजून पोटातच असते.

त्यात मॉर्फिन. दुखणं कमी करायला ते उत्तम, पण पोट रिकामं होण्याचा वेग ते कमी करतं. २०१६ साली पोलंडमध्ये झालेल्या 'इम्प्रेशन' या चाचणीत मॉर्फिन दिलेल्या रुग्णांत टिकाग्रेलॉर रक्तात उशिरा आणि कमी प्रमाणात पोचलं, हे मोजून दाखवलं गेलं. फेंटानिल या दुसऱ्या वेदनाशामकाचंही तेच. म्हणून माझ्याकडे रेफर होणाऱ्या रुग्णाच्या चिठ्ठीवर मॉर्फिनची वेळ लिहिलेली असली की मला फार बरं वाटतं. गोळीवर किती विसंबायचं ते त्यावरून ठरवता येतं. दुखणं असह्य असेल तर मॉर्फिन द्यायलाच हवं, माणसाला तळमळत ठेवून कुणाचं भलं होत नाही. पण दिलं असेल तर पुढच्या डॉक्टरला ते कळलं पाहिजे.

गोळीची वाट जरा सुधारता येते. टिकाग्रेलॉरच्या ९० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या कुटून पाण्यातून दिल्या तर औषध लवकर चढतं. 'मोजिटो' या २०१५ च्या अभ्यासात ८२ रुग्णांमध्ये हे पाहिलं, आणि एका तासाला अख्ख्या गोळीपेक्षा कुटलेल्या गोळीचा परिणाम स्पष्टपणे जास्त होता. आमच्याकडे सिस्टर औषधाच्या छोट्या खलात गोळ्या बारीक करतात, थोडं पाणी घालून कपात ओततात, रुग्णाला पाजतात, आणि मग खलात आणखी थोडं पाणी फिरवून तेही पाजतात. हे दुसरं पाणी महत्त्वाचं. खलाच्या तळाला पांढरा थर चिकटून राहतो, आणि तो डोसचाच भाग असतो. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला हेच मिश्रण नाकातल्या नळीतून जातं.

पण लवकर चढलं म्हणजे रुग्णाचा निकाल सुधारला असं होत नाही, हे इथेच सांगितलं पाहिजे. २०२० मध्ये 'कम्पेअर क्रश' या चाचणीत ॲम्ब्युलन्समध्येच प्रासुग्रेल कुटून दिलं, तरी अँजिओप्लास्टीच्या आधी धमनी उघडी सापडण्याचं प्रमाण वाढलं नाही. २०१४ च्या 'अटलांटिक' चाचणीत टिकाग्रेलॉर ॲम्ब्युलन्समध्ये दिलं काय आणि कॅथलॅबमध्ये दिलं काय, रक्तप्रवाह सुरू होण्यात फरक दिसला नाही. स्टेंटमध्ये गुठळी होण्याचं प्रमाण मात्र लवकर दिलेल्या गटात कमी होतं. म्हणजे लवकर दिलेल्या गोळीचा फायदा बंद धमनी उघडण्यात दिसला नाही, तो पुढे स्टेंट राखण्यात दिसला. तुमच्या नर्सिंग होमच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या ते योग्यच केलं. फक्त वाटेत उलटी झाल्यावर त्या गोळ्यांपैकी किती पोटात उरल्या याची खात्री कुणीच देऊ शकत नव्हतं. वाशीच्या डॉक्टरांनी इंजेक्शन निवडलं त्याचं एक कारण मला हेच दिसतं.

शिरेची वाट तशी सरळ आहे. हाताच्या शिरेत गेलेलं औषध उजव्या हृदयातून फुप्फुसात, तिथून डाव्या हृदयात आणि मग थेट महाधमनीत येतं. हृदयाच्या धमन्या महाधमनीच्या अगदी मुळाशीच फुटतात. रक्तदाब ठीक असेल तर हा सगळा प्रवास अर्ध्या मिनिटाच्या आत होतो. टिरोफिबानचा मोठा बोलस, म्हणजे सुरुवातीला एकदम द्यायचा डोस, शिरेतून दिला की साधारण दहा मिनिटांत प्लेटलेट्सचं एकमेकींना चिकटणं नव्वद टक्क्यांच्या वर दबतं. पोट, उलटी, मॉर्फिन यांचा संबंधच येत नाही. शिरेतून देण्याचं कॅन्ग्रेलॉर हेही एक औषध आहे. टिकाग्रेलॉर जिथे काम करतं तिथेच ते करतं, पण मिनिटांत सुरू होतं आणि बंद केल्यावर तासाभरात उतरतं. अमेरिकेत २०१५ पासून त्याला मान्यता आहे. ज्याला लवकरच बायपास लागू शकतो किंवा रक्तस्रावाची भीती आहे, अशा रुग्णासाठी ते मला सगळ्यात सुरक्षित वाटतं, कारण ते थांबवता येतं. २०२० च्या 'फॅबोलस फास्टर' या तुलनेत पहिल्या अर्ध्या तासात टिरोफिबान कॅन्ग्रेलॉरपेक्षा जास्त प्रभावी ठरलं, आणि कॅन्ग्रेलॉर चावून खाल्लेल्या प्रासुग्रेलपेक्षा.

मग थेट धमनीत द्यायची कल्पना आली कुठून? तर्क साधा आहे. औषध शिरेतून दिलं की ते अंगभरच्या रक्तात पातळ होतं. तेच गुठळीपाशी सोडलं तर तिथली तीव्रता काही काळ कित्येक पटींनी जास्त राहील, आणि नव्या प्लेटलेट्सना अडवण्याबरोबर आधीच चिकटलेल्या प्लेटलेट्सही सुटायला लागतील. २००८ साली जर्मनीत लाइपझिगच्या डॉक्टरांनी १५४ रुग्णांत ॲब्सिक्सिमॅबचा बोलस धमनीत आणि शिरेत देऊन तुलना केली. एमआरआयवर हृदयाच्या स्नायूचं नुकसान धमनीच्या गटात कमी दिसलं. त्या काळात आम्ही सगळेच उत्साहात होतो. नेदरलँड्समधल्या 'सिसेरो' या ५३४ रुग्णांच्या चाचणीने उत्साह थोडा खाली आणला: ईसीजीतली सुधारणा दोन्ही गटांत सारखी, पण स्नायूतला सूक्ष्म रक्तप्रवाह धमनीच्या गटात बरा.

खरा निकाल २०१२ मध्ये आला. 'एडा-स्टेमी' या जर्मन चाचणीत २,०६५ रुग्ण होते. ९० दिवसांत मृत्यू, पुन्हा अटॅक किंवा नव्याने हार्ट फेल्युअर यांपैकी काहीही होण्याचं प्रमाण धमनीच्या गटात ७.० टक्के आणि शिरेच्या गटात ७.६ टक्के. हा फरक योगायोगाने पडू शकतो इतका लहान आहे. हार्ट फेल्युअर एकटं पाहिलं तर २.४ विरुद्ध ४.१ टक्के, म्हणजे धमनीच्या बाजूने. पण चाचणीचा मुख्य प्रश्न हरल्यावर त्यातला एक तुकडा उचलून जिंकल्याचं सांगायचं नसतं. त्याच चाचणीतल्या ७९५ रुग्णांचा एमआरआय केला, तेव्हा लाइपझिगच्या छोट्या अभ्यासात दिसलेला स्नायूचा फायदा दिसला नाही. तुमच्या घरात 'थेट हृदयात दिलेलं जास्त गुणकारी' म्हणणाऱ्यांना हे आकडे जरूर सांगा. आणि 'प्रयोग केला' म्हणणाऱ्यांनाही सांगा की त्या दोन हजार रुग्णांत धमनीच्या वाटेने रक्तस्राव वाढला नव्हता. धमनीत सोडलेला डोस काही ठोक्यांत हृदयाबाहेर पडून अंगभरच्या रक्तात मिसळतोच. त्यामुळे सुरक्षिततेच्या हिशोबाने दोन्ही वाटा जवळपास एकच आहेत.

हा निकाल असा का लागला याचं एक कारण मला रोज स्क्रीनवर दिसतं. डाव्या बाजूला मुख्य धमनी फुटून दोन फांद्या होतात, एक पुढच्या भिंतीला आणि एक मागच्या बाजूला जाणारी. समजा पुढची फांदी तोंडाशीच बंद आहे. मी गाइड कॅथेटरमधून, म्हणजे धमनीच्या तोंडाशी टेकवलेल्या नळीतून, डाय (एक्स-रेवर दिसणारा द्रव) सोडतो, तर तो सगळा मागच्या फांदीत जातो आणि उरलेला महाधमनीत परत येतो. बंद फांदीच्या बुंध्याशी डाय नुसता अडून राहतो, पुढे एक थेंब सरकत नाही. डायचं जे होतं तेच औषधाचं होणार. म्हणजे बंद धमनीच्या तोंडाशी सोडलेलं महागडं औषध 'थेट धमनीत' दिलं असं कागदावर लिहिता येतं, पण गुठळीच्या आत आणि पलीकडे ते गेलेलं नसतं. ते शिरेतूनच दिल्यासारखं झालं.

म्हणून औषध गुठळीच्या पलीकडे सोडायचे प्रयत्न झाले. 'इन्फ्यूज-एएमआय' या २०१२ च्या चाचणीत पुढच्या भिंतीचा अटॅक आलेल्या ४५२ रुग्णांत बारीक छिद्रांच्या खास बलूनमधून ॲब्सिक्सिमॅब नेमकं ब्लॉकच्या जागी झिरपवलं. तीस दिवसांनी एमआरआयवर स्नायूचं नुकसान मधल्या मूल्यात १५.१ टक्के, आणि ते औषध न दिलेल्यांत १७.९ टक्के. फरक खरा, पण छोटा. शिवाय ही तुलना औषध आणि औषधच नाही यांच्यात होती. शिरेतून दिलेल्याशी नव्हती.

आता सगळ्यात अडचणीची गोष्ट. हा सगळा मोठा पुरावा ॲब्सिक्सिमॅबचा आहे, आणि ते औषध उत्पादकाने बनवणं थांबवल्यामुळे गेली काही वर्षं बाजारातच नाही. आपल्या हातात आहेत टिरोफिबान आणि एप्टिफिबाटाइड. त्यांना तोच नियम लावता येत नाही. ॲब्सिक्सिमॅब प्लेटलेटला घट्ट धरून बसायचं, रक्तात मोकळं फिरणारं औषध संपलं तरी प्लेटलेटवरचं कित्येक तास सुटायचं नाही. त्यामुळे गुठळीपाशी क्षणभर मिळालेली जास्त तीव्रता तिथे टिकायची. टिरोफिबान चटकन बसतं आणि चटकन सुटतं. आजूबाजूच्या रक्तात ते जितकं असेल तितकंच प्लेटलेटवर राहतं. धमनीत ओतलेला डोस दहा-वीस ठोक्यांत वाहून गेला की त्या जागेचा वेगळा फायदा संपत आला. पुढचे तास काम करतं ते शिरेतून सावकाश, सतत चालू असलेलं औषध, म्हणजे इन्फ्युजन. तुमच्या वडिलांना 'दोन्ही' का दिलं याचं हे उत्तर आहे.

त्यात द्रवाचा हिशोब येतो, ज्याचा विचार बाहेर सहसा कुणी करत नाही. ७० किलोच्या माणसाला टिरोफिबानचा बोलस किलोमागे २५ मायक्रोग्रॅम, म्हणजे १,७५० मायक्रोग्रॅम लागतो. आपल्याकडची बाटली १०० मिलिलिटरमध्ये ५ मिलिग्रॅमची असते. म्हणजे बोलस झाला ३५ मिलिलिटर. एप्टिफिबाटाइडचा बोलस त्याच माणसाला साधारण ६ मिलिलिटर. अर्धवट उघडलेल्या, आधीच प्रवाह मंद असलेल्या धमनीत मायक्रोकॅथेटर नावाच्या बारीक नळीतून ३५ मिलिलिटर ढकलायचं तर वेळ लागतो, आणि घाई केली तर गुठळीचे तुकडे पुढे सरकतात. धमनीतून द्यायचं असलं की मी बोलसचा काही भाग तिथे हळूहळू सोडतो आणि उरलेला शिरेतून. डोस एकूण एकच, वाटा दोन. टेबलावर मोठ्याने मोजून सांगायचं की इतके मिलि धमनीत गेले, इतके उरले. नाहीतर दोन हातांनी दोनदा बोलस जाण्याची भीती असते.

कुणाला देतो, ते सांगतो. सरसकट नाही. आज टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल असताना प्रत्येक अटॅकला ही इंजेक्शनं द्यायची गरज नाही. क्लोपिडोग्रेलचा ६०० मिलिग्रॅमचा डोस आधी मिळालेल्या ८०० रुग्णांत 'ब्रेव्ह-३' या चाचणीने वर ॲब्सिक्सिमॅब देऊन पाहिलं, आणि हृदयाचं नुकसान कमी झालं नाही. युरोपातली मार्गदर्शक तत्त्वंही ही औषधं अडचणीच्या प्रसंगासाठीच राखून ठेवा असं सांगतात: धमनी उघडूनही प्रवाह येत नाही, किंवा गुठळी डोळ्यांना मोठी दिसते आहे. माझा क्रम असा असतो. आधी तार पलीकडे न्यायची. छोट्या बलूनने वाट करायची. थोडा प्रवाह आला, गुठळी लोंबताना दिसली, तर मायक्रोकॅथेटर गुठळीच्या जरा पुढे नेऊन मागे ओढत ओढत औषध सोडायचं, आणि इन्फ्युजन सुरू करायचं. प्रवाह चांगला आला आणि गुठळी किरकोळ असली तर शिरेतूनही देत नाही. रुग्ण शॉकमध्ये आहे (रक्तदाब कोसळलेला), उलट्या होताहेत, गोळी गेल्याची खात्री नाही, अशा वेळी शिरेतून देतो आणि वाटेवरून डोकं शिणवत बसत नाही.

थेट धमनीत औषध देणं ऐकायला नेहमीच पटतं, म्हणून एक उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. गुठळी विरघळवणारं अल्टेप्लेज थोड्या मात्रेत धमनीतच दिलं तर? २०१९ च्या 'टी-टाइम' चाचणीत ४४० रुग्णांत १० आणि २० मिलिग्रॅम देऊन पाहिलं. सूक्ष्म रक्तवाहिन्यांतला अडथळा अजिबात कमी झाला नाही. नळीने गुठळी ओढून काढायची पद्धतही अशीच पटायची. २०१३ ची 'टेस्ट' आणि २०१५ ची 'टोटल' या दोन मोठ्या चाचण्यांनी ती सरसकट वापरण्यात फायदा नसल्याचं दाखवलं, आणि 'टोटल'मध्ये तर पक्षाघाताचं प्रमाण वाढलेलं दिसलं.

एक गट मात्र वेगळा धरावा लागतो. शहापूर, मुरबाड किंवा उरणच्या आतल्या गावात अटॅक आला, कॅथलॅबपर्यंत दोन तासांत पोचणं शक्य नाही, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी टेनेक्टेप्लेजसारखं गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देऊन पुढे पाठवलं. हे पूर्णपणे योग्य आहे. पण अशा रुग्णाला पहिल्या काही तासांत वरून टिरोफिबान दिलं, मग ते शिरेतून असो की धमनीतून, तर रक्तस्रावाचा धोका खूप वाढतो. त्याच्यासाठी ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल हीच जोडी; ७५ च्या आतल्या वयाला क्लोपिडोग्रेलचा पहिला डोस ३०० मिलिग्रॅम. चिठ्ठीवर टेनेक्टेप्लेजची वेळ लिहिलेली नसेल तर आम्हाला नातेवाइकांच्या आठवणीवर अवलंबून राहावं लागतं. घाबरलेल्या माणसाकडून अशी अपेक्षा करणं बरं नाही, म्हणून पाठवणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला माझी कळकळीची विनंती आहे, वेळ लिहा.

ताई, तुम्ही विचारलं नाहीत तरी घरची वाट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण या सगळ्या चर्चेत सर्वांत मोठा फायदा सिद्ध झालेला आहे तो सर्वांत स्वस्त गोळीचा. १९८८ च्या 'आयसिस-२' या चाचणीत १७,१८७ रुग्ण होते. नुसत्या ॲस्पिरिनने हृदय-रक्तवाहिन्यांच्या कारणाने होणारे मृत्यू पाच आठवड्यांत २३ टक्क्यांनी घटले. धमनीतून की शिरेतून या वादातल्या कुठल्याही आकड्याची याच्याशी तुलना होत नाही. छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ अशी लक्षणं असतील तर आधी १०८ ला फोन किंवा जवळचं रुग्णालय गाठण्याची तयारी, आणि ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल, अल्सरचा रक्तस्राव किंवा पक्षाघाताची लक्षणं नसतील, तर साधारण ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन. घरात बहुतेकांकडे ७५ ची इकोस्प्रिन असते. तिच्यावर पोटात न विरघळणारा थर असतो, म्हणून ती गिळायची नाही, चार गोळ्या चांगल्या चावून खायच्या. जिभेखाली धरून ठेवण्यात अर्थ नाही. जिभेखाली ठेवायची असते ती सॉर्बिट्रेट, आणि ती डॉक्टरांनी पूर्वी दिली असल्याशिवाय आपल्या मनाने देऊ नका. हृदयाच्या खालच्या भिंतीच्या अटॅकमध्ये तिने रक्तदाब एकदम कोसळू शकतो. आणि रिक्षाने कुठे जायचं हे आजच ठरवून ठेवा: चोवीस तास कॅथलॅब चालू असलेलं तुमच्या घरापासून जवळचं रुग्णालय कोणतं, एवढं कुटुंबातल्या दोघांना तरी पाठ असावं. ठाणे-बेलापूर रस्ता पहाटे मोकळा असतो, पण संध्याकाळी सात वाजता ऐरोली ते तुर्भे किती वेळ लागतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. घोडबंदर रोडच्या लोकांना तर सांगायलाच नको.

औषध देण्याची एक चौथी वाटही तयार होते आहे, ती म्हणजे त्वचेखालचं इंजेक्शन. ॲब्सिक्सिमॅबची मूळ अँटिबॉडी शोधणारे बॅरी कोलर यांच्याच प्रयोगशाळेतून झालुनफिबान हे औषध आलं. इन्शुलिनसारखं त्वचेखाली द्यायचं, पंधरा मिनिटांत परिणाम आणि तास-दोन तासांत ओसरणं. ॲम्ब्युलन्समध्ये शीर सापडत नसताना अशा औषधाची किंमत मला पुरती कळते. आपल्याकडे ते रोजच्या वापरात यायचं आहे.

आता तुमच्या वडिलांच्या फाईलबद्दल. टिरोफिबान दिल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी प्लेटलेट्सची तपासणी केलेली असते. क्वचित काही रुग्णांत या औषधाने प्लेटलेट्स झपाट्याने खाली येतात. दोन्ही आकडे डिस्चार्जच्या कागदावर आहेत का ते पाहा, नसतील तर वॉर्डमधून मागून घ्या. संख्या खूप घसरली असेल तर 'टिरोफिबान दिल्यावर प्लेटलेट्स कमी झाल्या' असं ठळक लिहून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी कुणी हे औषध पुन्हा देणार नाही. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेलं असेल तर इन्फ्युजन निम्म्या वेगाने चालवलं होतं का हेही विचारू शकता, तो प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही. लघवी लाल, शौच काळी, किंवा मनगटावर जिथून नळी घातली तिथे सूज वाढत असेल तर लगेच दाखवा. टिकाग्रेलॉर दिवसातून दोनदा आहे, बारा तासांच्या अंतराने. त्याने काहींना अधूनमधून धाप लागल्यासारखं वाटतं. तसं झालं तर गोळी बंद करू नका, डॉक्टरांना फोन करा, ते तपासून गरज वाटल्यास दुसरी गोळी लिहून देतील. नवा स्टेंट असताना मधले चार दिवसही ही गोळी चुकवायची नाही, दात काढायचा असला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं. आणि काकांचा डिस्चार्ज पेपर हाताशी असेल तर तोही याच फाईलमध्ये लावा. घरात दोघांना अटॅक येऊन गेलाय, तेव्हा तुमच्या पिढीतल्या प्रत्येकाने कोलेस्टेरॉल, शुगर आणि ब्लडप्रेशर या महिन्यातच तपासून घ्या.